आकड्यावरची रेघ सांभाळा

(पिंपळे सौदागर येथे शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पवनेच्या काठावरचे पिंपळे सौदागर हे एके काळचे शेतीचे गाव. आज येथे शिवार उरले आहे ते शिवार चौकाच्या नावात. जेथे पाभर चालत होती तेथे आता दहा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. तरीही आपल्यापैकी अनेकांचा मातीशी संबंध तुटलेला नाही. कोणाची शेती मुळशीत आहे, कोणाची मावळात, तर कोणी खेड तालुक्यात नव्याने जमीन घेतली आहे. पूर्वी जमिनीचा व्यवहार एकराने होत असे, पुढे तो गुंठ्याने होऊ लागला आणि आता चौरस फुटाने होतो. जमीन महाग झाली तशी मोजमापातील लहानशी चूकही महाग झाली. म्हणून आज बियाणे, खते आणि फवारणी बाजूला ठेवून मी एका अगदी लहान गोष्टीविषयी बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे आकड्याच्या उजव्या खांद्यावर दिली जाणारी तिरकी रेघ.

ही रेघ कोणती?

गवंडी भिंतीवर पेन्सिलीने ५′ ६″ असे लिहितो. त्याचा अर्थ पाच फूट सहा इंच. एक रेघ म्हणजे फूट आणि दोन रेघा म्हणजे इंच. इंचाच्या खाली गवंडी आणि सुतार सूत मोजतात, आठ सुतांचा एक इंच. बोअरवाला ६″ × २००′ असे लिहून देतो, म्हणजे सहा इंच व्यासाचे आणि दोनशे फूट खोल बोअर. येथे रेघा खाल्ल्या तर ६ × २०० यातून काहीच समजत नाही, आणि उलट पडल्या तर सहा फूट रुंद आणि दोनशे इंच, म्हणजे सतरा फूटही खोल नाही असा खड्डा तयार होतो! असा खड्डा कोणी घेणार नाही हे खरे, कारण बोअर कसे असते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु जेथे पाहताक्षणी चूक ओळखू येत नाही तेथेच खरा धोका असतो.

या रेघेला गणिताच्या पुस्तकात 'प्राइम' म्हणतात. नकाशावर आणि मोबाइलवर हीच रेघ दुसऱ्या कामासाठी येते. तेथे अंशासाठी वर लहान शून्य, अंशाच्या साठाव्या भागासाठी एक रेघ आणि त्याच्याही साठाव्या भागासाठी दोन रेघा असतात. पिंपळे सौदागर सुमारे १८°३६′ उत्तर अक्षांशावर आणि ७३°४८′ पूर्व रेखांशावर आहे. येथे एक रेघ म्हणजे फूट नव्हे, हे सांगणे नकोच.

इंग्रजीत या भागांना मिनिट आणि सेकंद म्हणतात, त्यामुळे घड्याळाशी घोटाळा होतो. आपल्याकडे त्यांना फार चांगले शब्द आहेत. पंचांग उघडून ग्रहांचे कोष्टक पाहा. त्यात राशी, अंश, कला, विकला असे रकाने असतात. साठ विकलांची एक कला, साठ कलांचा एक अंश आणि तीस अंशांची एक रास. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ रचला, त्यातील आकाशाचे गणित याच मापांत आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. म्हणजे ही मापे आपल्याला परकी नाहीत. पंचांगात रकाने असतात, त्यामुळे रेघेची गरज पडत नाही. नकाशावर रकाने नसतात, म्हणून रेघ लागते.

साठाने भागण्याची ही रीत प्राचीन बाबिलोनची. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या ग्रंथातून ती युरोपात गेली. लॅटिन भाषेत अंशाच्या साठाव्या भागाला 'पहिला लहान भाग' आणि त्याच्या साठाव्या भागाला 'दुसरा लहान भाग' असे म्हणत. त्यातील 'लहान' या शब्दावरून मिनिट, 'दुसरा' या शब्दावरून सेकंद आणि 'पहिला' या शब्दावरून प्राइम ही नावे आली. पहिल्या भागाला एक रेघ, दुसऱ्याला दोन, इतकी ही साधी व्यवस्था आहे.

रेघ म्हणजे टिंब नव्हे

आता आजच्या भाषणातील मुख्य मुद्दा सांगतो. तो ध्यानात राहिला तरी पुरे.

टिंब दहाने भागते. रेघ दहाने भागत नाही. फुटावरची रेघ बाराने भागते आणि अंशावरची रेघ साठाने भागते. म्हणून ५′ ६″ म्हणजे ५.६ फूट नव्हे. सहा इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणून ते ५.५ फूट होतात. आणि ५′ ११″ म्हणजे ५.११ फूट तर मुळीच नव्हे. अकरा इंच म्हणजे जवळजवळ एक फूट, तेव्हा ते ५.९२ फूट होतात.

माझ्या पाहण्यातील एक प्रकरण आहे. दोन सख्खे भाऊ, नावे सांगत नाही. वडिलांच्या माघारी वाटणी सामोपचाराने झाली. शेत ३३० फूट लांब. धाकट्याच्या वाट्याला आलेल्या पट्ट्याची रुंदी टेपने मोजली ती ६५′ ११″ भरली. दोघांनी आणि पंचांनी ती कागदावर लिहिली. तो कागद टाइप करून घेताना रेघांच्या जागी टिंब आले आणि ६५.११ फूट असे छापले गेले. कोणी वाचून पाहिले नाही. दोन वर्षांनी कुंपण घालायची वेळ आली तेव्हा थोरल्याने कागदाप्रमाणे खांब रोवले. धाकट्याने टेप धरला आणि म्हणाला, "दादा, बांध माझ्या शेतात आला."

हिशेब करा. ६५ फूट ११ इंच म्हणजे ६५.९२ फूट. कागदावर ६५.११ फूट. फरक ०.८१ फूट, म्हणजे पावणेदहा इंच. तीनशे तीस फूट लांबीवर हा फरक सुमारे २६६ चौरस फूट होतो, म्हणजे जवळजवळ पाव गुंठा. थोरला लबाड नव्हता आणि धाकटा भांडखोर नव्हता. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते, एक कागदावरचे आणि दुसरा टेपवरचे. पण मधल्या काळात बोलणे बंद झाले, आणि त्या वर्षी दिवाळीला बहीण माहेरी आली तेव्हा तिला दोन घरी दोनदा जेवावे लागले. शेवटी पंचांकडचा हाताने लिहिलेला मूळ कागद सापडला, त्यावर रेघा स्पष्ट होत्या, आणि प्रकरण मिटले. कागद सापडला नसता तर काय झाले असते, हे मी सांगायला नको. बांधाच्या भांडणात किती घरे बसली हे आपण सर्वजण जाणता.

टिपणातील साखळी आणि आणा

हाच घोटाळा जुन्या मोजणीच्या कागदातही होतो. मुंबई इलाख्याची जमीन मोजणी आपल्या पुणे जिल्ह्यातच आकाराला आली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्याने काम केले आणि पुढे तीच पद्धत सर्वत्र गेली. त्या मोजणीत ३३ फुटांची साखळी होती आणि तिचे सोळा आणे पाडलेले होते. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, ३३′ × ३३′, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आंब्याची जुनी लागवड १० मीटर × १० मीटर अंतरावर करतात, ते अंतर जवळजवळ हेच. म्हणूनच गुंठ्याला एक झाड आणि एकरी चाळीस झाडे असा सोपा हिशेब जुनी माणसे तोंडी सांगतात.

आता साखळीचा सोळावा भाग, म्हणजे आणा, किती होतो? २′ ०¾″. समजा टिपणात एक बाजू ५ साखळ्या ११ आणे आहे. ती फुटांत अशी काढावी:

५ साखळ्या × ३३ = १६५ फूट
११ आणे × २.०६२५ = २२.६९ फूट
एकूण १८७.६९ फूट, म्हणजे १८७′ ८¼″

कोणी ५-११ हे ५.११ साखळ्या असे वाचले तर उत्तर १६८.६३ फूट येते. फरक एकोणीस फुटांचा! शेताची दुसरी बाजू ३३० फूट धरली तर पावणेसहा गुंठे जमीन कागदावरून नाहीशी होते. जमीन कोणी उचलून नेली नाही, फक्त टिंब चुकीच्या जागी बसले.

एकर-गुंठ्यांचेही असेच. जुन्या उताऱ्यावर २-२० असेल तर ते दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. ते २.२० एकर नव्हे. हेक्टर-आरमध्ये मात्र शंभर आर म्हणजे एक हेक्टर असल्याने १.२५ हेक्टर म्हणजे एक हेक्टर पंचवीस आर हे बरोबर जमते. दशमान पद्धतीचा हाच मोठा फायदा आहे.

जुन्या मोडी कागदांविषयी एक सूचना. त्यांत आकड्यापुढे उभ्या रेघा दिसल्या तर त्या फूट-इंच समजू नयेत. त्या पाव-अर्ध्याच्या खुणा असतात. ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ म्हणजे साडेपाच आणि ५॥। म्हणजे पावणेसहा. या रेघा सरळ उभ्या आणि आकड्याएवढ्या उंच असतात. फूट-इंचाच्या रेघा तिरक्या, लहान आणि वरच्या बाजूला असतात. शंका आली तर मोडी जाणणाऱ्याला कागद दाखवावा, अंदाजाने वाचू नये.

मोबाइलवरील अक्षांश-रेखांश

आजोबांच्या काळी साखळी होती. आपल्या खिशात मोबाइल आहे. ई-पीक पाहणी राज्यात २०२१ पासून सुरू झाली. त्यात पिकाचा फोटो काढताना जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. विहीर, बोअर, शेततळे यांच्या कागदांतही जागेचे अक्षांश-रेखांश विचारले जातात. जेथे यंत्र स्वतः नोंद करते तेथे चूक होत नाही. जेथे आपण आकडे पाहून हाताने उतरवतो तेथे चूक होते.

एकच जागा मोबाइल तीन तऱ्हांनी दाखवू शकतो. या गावच्या परिसरातील एक अक्षांश पाहा:

१८°३५′५५″ (अंश, कला, विकला)
१८°३५.९२′ (अंश आणि दशांश कला)
१८.५९८६° (फक्त दशांश अंश)

तिन्ही एकच आहेत. पहिल्यावरून तिसरा काढायचा असेल तर कलांना ६० ने आणि विकलांना ३,६०० ने भागून अंशात मिळवावे. ३५ भागिले ६० म्हणजे ०.५८३३, ५५ भागिले ३,६०० म्हणजे ०.०१५३, मिळून १८.५९८६.

आता कोणी रेघा पुसून १८.३५५५ असे लिहिले आणि रेखांश ७३°४७′५२″ ऐवजी ७३.४७५२ असे लिहिले, तर ती जागा पिंपळे सौदागरात राहत नाही. ती सुमारे ४३ किलोमीटर नैऋत्येला सह्याद्रीच्या डोंगरात जाऊन पडते. तपासणीला आलेल्या माणसाला तेथे तुमची विहीर कोठून सापडणार? अर्ज खोटा ठरतो आणि शेतकरी खोटा ठरतो.

विकला लिहायचा कंटाळा करू नये. आपल्या भागात एक कला लांब आणि एक कला रुंद असा चौकोन सुमारे ३२४ हेक्टरांचा, म्हणजे आठशे एकरांचा होतो. त्यात लहानसे गाव बसते. एक विकला लांब-रुंद चौकोन मात्र सुमारे नऊ आरांचा, म्हणजे नऊ गुंठ्यांच्या आसपास असतो. फक्त कलांपर्यंत लिहिले तर गाव कळते. विकला लिहिल्या तर शेत कळते. विहीर नेमकी दाखवायची तर विकलेचेही दशांश लिहावे लागतात.

ही सूक्ष्म मोजणी नवी नाही. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळून त्रिकोणमितीची मोठी मोजणी सुरू केली. त्यांच्या थिओडोलाइट यंत्राचे वर्तुळ ३६″ व्यासाचे होते आणि त्यावर कोन विकलांपर्यंत वाचत. येथे गंमत पाहा. यंत्राच्या मापातील दोन रेघा म्हणजे इंच आणि त्याच यंत्रावर वाचलेल्या कोनातील दोन रेघा म्हणजे विकला. दोन्हींत गल्लत झाली नाही, कारण लिहिणारा काय मोजतो आहे हे स्पष्ट लिहीत होता. हेच काम करता करता १८२३ साली लॅम्ब्टन यांचे आपल्या विदर्भात हिंगणघाट येथे निधन झाले. देशाचे नकाशे अशा मोजलेल्या कोनांवर उभे राहिले.

आपली मुले चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करतात. त्यांना विचारा, बेव्हल प्रोट्रॅक्टर ५′ पर्यंत कोन वाचतो. तेथे ३०°१५′ च्या ऐवजी ३०.१५° धरले तर भाग नापास होतो, कारण १५′ म्हणजे पाव अंश, ३०.२५°. बापाने बांधावर आणि मुलाने यंत्रावर एकच नियम पाळायचा आहे.

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या वहीत हीच रेघ अक्षरावरही दिसेल, जसे क आणि क′. तेथे ती माप नसते. मूळ बिंदू क आणि सरकलेला बिंदू क′ एवढाच तिचा अर्थ. मोजणीच्या कच्च्या नकाशात जुनी खूण क आणि नवी खूण क′ अशी दाखवली तर दोन्हींचे नाते टिकते. थोडक्यात, रेघ आकड्यावर असेल तर माप, अक्षरावर असेल तर ओळख.

छापताना होणारी गल्लत

टंकयंत्रावर या रेघेसाठी वेगळी कळ सहसा नसे. अवतरणचिन्हाच्या कळीवरच काम भागवीत. संगणकात प्राइमला स्वतंत्र स्थान आहे, तरी सवय तीच राहिली. त्यात संगणक अवतरणचिन्ह आपणहून वाकडे करतो, कधी उघडणारे, कधी मिटणारे. मग ५’ ११” असे छापले जाते आणि कोणाचे तरी बोलणे संपल्यासारखे दिसते. एवढ्याने अर्थ बिघडत नाही. परंतु झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये दोन रेघांची एक होते, एक रेघ पुसली जाते किंवा आकड्याला चिकटून १ दिसू लागते. ५′ चा ५१ झालेला आपण पाहिला नसेल, पण होऊ शकतो. म्हणून व्यवहाराच्या कागदावर केवळ रेघेवर विसंबून राहू नये.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१) खरेदीखत, वाटणीपत्र, भाडेपट्टा यांत माप आकड्यात आणि अक्षरातही लिहावे. उदा. ६५′ ११″ (पासष्ट फूट अकरा इंच).

२) शक्य तेथे मीटरही लिहावे. एक इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटिमीटर. वरील माप २०.०९ मीटर होते. दोन मापे जुळली नाहीत तर चूक लगेच पकडता येते.

३) फूट-इंचांच्या जागी टिंब आणि टिंबाच्या जागी रेघ कधीही देऊ नये.

४) चार आकडे पाठ ठेवावेत : बारा, सोळा, चाळीस, साठ. इंच बारा झाले की फूट, आणे सोळा झाले की साखळी, गुंठे चाळीस झाले की एकर, कला साठ झाल्या की अंश. इंचांच्या जागी १४ किंवा कलांच्या जागी ७२ दिसले तर तो आकडा दशांशाचा आहे किंवा चुकला आहे असे समजून पुन्हा तपासावे.

५) अक्षांश-रेखांश उतरवताना मोबाइलवर जसे दिसते तसेच, चिन्हांसह उतरवावे. नंतर तेच आकडे नकाशात घालून खूण आपल्याच शेतात पडते का ते पाहावे.

६) टाइप केलेला कागद सही करण्यापूर्वी मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहावा आणि मूळ कागद जपून ठेवावा.

बंधू-भगिनींनो, आपण बियाणे घेताना पिशवीवरची तारीख पाहतो आणि औषधाच्या बाटलीवरचा त्रिकोण पाहतो. तेवढीच नजर आकड्याच्या डोक्यावरच्या रेघेकडे द्यावी. ती द्यायला शाई लागत नाही म्हटले तरी चालेल, पण ती गेली तर बांध सरकतो आणि बांध सरकला की माणसे दुरावतात. आज घरी गेल्यावर ट्रंकेतील वाटणीचा कागद काढा, त्यावरची मापे एकदा मोठ्याने वाचा आणि शेजारी भावाला बसवा. काही शंका निघाली तर दोघे मिळून टेप धरा.